आम्लशामक औषधांचा 'काळ' : अर्ध्या तासापासून तीन दिवसांपर्यंतचा ऐतिहासिक प्रवास

प्रस्तावना

जठरातील आम्ल कमी करणारे औषध किती वेळ काम करते, हा प्रश्न वरवर पाहता औषधशास्त्राचा आहे. परंतु या औषधांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास तपासला असता या एका प्रश्नाच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आढळतात. एक मात्रा घेतल्यावर तिचा परिणाम किती वेळ टिकतो, हा पहिला प्रश्न. तेच औषध रोज घेत राहिल्यास त्याची शक्ती किती दिवस तशीच राहते, हा दुसरा. आणि औषध थांबविल्यानंतर मिळालेला आराम किती काळ टिकतो, हा तिसरा. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना औषध घेणारा मनुष्य सहसा पहिलाच प्रश्न विचारतो. अमेरिकेत अशा औषधांच्या वेष्टनावर छापलेली दोन आठवड्यांची मर्यादा मात्र या तिन्हींपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर नाही. ही मर्यादा कोठून आली आणि औषधाच्या परिणामाचा काळ वाढत गेला तरी ती तशीच का राहिली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

आरंभीच एक भाषिक खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'पित्त झाले' असे म्हटले जाते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात छातीतील जळजळ, आंबट किंवा करपट ढेकर आणि मळमळ असते. आयुर्वेदातील 'अम्लपित्त' या संज्ञेचा तो वारसा होय. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रात पित्त हा यकृतात तयार होणारा रस असून जठरातील आम्ल ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे. येथे विचार केला आहे तो केवळ जठराम्लाचा आणि त्यावरील औषधांचा. हा इतिहास प्रामुख्याने ब्रिटन, अमेरिका, स्वीडन आणि ऑस्ट्रेलिया या देशांत घडला. भारताचा संबंध येतो तो त्याच्या उत्तरार्धात.

आम्लाची ओळख आणि तासागणिक उपचार

जठररसातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्लच आहे, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने डिसेंबर १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर एक विलक्षण योग जुळून आला. जून १८२२ मध्ये ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छरे घुसले. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारे छिद्र कायमचे उघडे राहिले. लष्करी शल्यवैद्य विल्यम ब्यूमाँट याने या छिद्रातून अनेक वर्षे पचनाचे निरीक्षण केले आणि १८३३ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सेंट मार्टिनची या प्रयोगांना कितपत मनापासून संमती होती, हा वैद्यकीय नीतिशास्त्राचा स्वतंत्र विषय आहे. येथे महत्त्वाचे एवढेच की, जठर रिकामे कसे होते, अन्न आत असताना काय घडते आणि नसताना काय, याची प्रत्यक्ष पाहणी झाली. औषधाचा परिणाम किती वेळ टिकेल, हे पुढे जठर रिकामे होण्याच्या याच गतीवर ठरणार होते.

खाण्याचा सोडा, खडू, मॅग्नेशिया या अल्कधर्मी पदार्थांचा वापर त्याआधीपासूनच चालत आलेला होता. त्यांचे कार्य साध्या रसायनशास्त्राचे आहे : असलेले आम्ल निष्प्रभ करणे. नवे आम्ल तयार होण्यावर त्यांचा ताबा नसतो. म्हणूनच उपाशीपोटी घेतलेले आम्लनाशक साधारण अर्ध्या तासात जठरातून पुढे सरकते आणि त्याबरोबर आरामही सरतो. तेच औषध जेवणानंतर एका तासाने घेतले, तर अन्नामुळे जठर सावकाश रिकामे होत असल्याने परिणाम तीन तासांपर्यंत टिकू शकतो. एकच औषध, एकच मात्रा. पण घेण्याची वेळ बदलली की काळ सहापट होतो. डॅलस येथील जॉन फोर्डट्रान यांनी १९६० च्या दशकात जेवणानंतरच्या आम्लाचे पद्धतशीर मापन करेपर्यंत हा साधा मुद्दा पुरेसा अधोरेखित झालेला नव्हता.

अर्ध्या तासाच्या या मर्यादेवर त्यापूर्वी जो तोडगा निघाला, तो रुग्णाच्या दिनक्रमालाच वेठीस धरणारा होता. 'आम्ल नाही, तर व्रण नाही' या अर्थाचे सूत्र कार्ल श्वार्ट्झ यांनी १९१० मध्ये मांडले. त्याच विचाराच्या आधारे शिकागोचे बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये आपली उपचारपद्धती प्रसिद्ध केली. दिवसभर दर तासाला दूध आणि साय, आणि मधल्या वेळांत अल्कधर्मी चूर्ण, असा तिचा क्रम होता. औषधाचा परिणाम अल्पकाळ टिकतो, तर औषधच अखंड द्यावे, हे त्यामागचे तर्कशास्त्र. त्याची किंमतही लवकरच दिसून आली. दूध आणि अल्क यांच्या अतिरेकाने रक्ताची अल्कता वाढून मूत्रपिंडावर विपरीत परिणाम होत असल्याचे १९२३ मध्ये हार्ट आणि रिव्हर्स यांनी नोंदविले. कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. ते आम्ल मारते खरे, परंतु कॅल्शियममुळे आम्लस्राव पुन्हा उत्तेजित होतो. मॅग्नेशियमने पोट सैल होते, ॲल्युमिनियमने मलावरोध होतो. म्हणून दोघांचे मिश्रण करण्याची प्रथा रूढ झाली आणि ती आजही पातळ आम्लनाशकांच्या बाटल्यांत दिसते.

ही जुनी औषधे निरुपयोगी होती, असे मात्र नव्हे. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील व्रण असलेल्या रुग्णांना आम्लनाशकाच्या मोठ्या मात्रा दिवसातून सात वेळा, म्हणजे प्रत्येक जेवणानंतर एका आणि तीन तासांनी व झोपताना, देण्यात आल्या. चार आठवड्यांत ७८ टक्के रुग्णांचे व्रण भरले; बनावट औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ४५ टक्के होते. थोडक्यात, वेळ पाळली तर अर्ध्या तासाचे औषधही व्रण भरून काढू शकत होते. परंतु दिवसातून सात वेळा औषध घेणे किती जणांना साधणार?

१९७४ ची मर्यादा

अमेरिकेत १९६२ च्या कायदादुरुस्तीनंतर औषध सुरक्षितच नव्हे, तर परिणामकारकही असल्याचे सिद्ध करणे बंधनकारक झाले. चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या असंख्य औषधांची छाननी अन्न व औषध प्रशासनाने १९७२ मध्ये हाती घेतली आणि त्यांत सर्वप्रथम अंतिम नियमावली तयार झाली ती आम्लनाशकांची, जून १९७४ मध्ये. या नियमावलीनुसार वेष्टनावर सूचना छापणे आवश्यक झाले की, डॉक्टरांच्या सल्ल्याविना कमाल मात्रा दोन आठवड्यांहून अधिक काळ घेऊ नये.

या दोन आठवड्यांचा औषधाच्या शक्तीशी संबंध नाही, हे येथेच लक्षात घ्यावयास हवे. पंधराव्या दिवशी खडू आम्ल मारण्याचे थांबवीत नाही. मर्यादेचा रोख रुग्णाकडे आहे. अतिसेवनाचे दुष्परिणाम टळावेत हा एक हेतू आणि दोन आठवड्यांनंतरही जळजळ चालू असेल, तर तिचे मूळ शोधावे हा दुसरा. जठराच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे साध्या अपचनासारखी असू शकतात आणि आम्ल कमी केल्याने ती काही काळ झाकली जाऊ शकतात. म्हणजेच मर्यादा निदानाची होती, औषधाच्या टिकाऊपणाची नव्हती. पुढील दोन्ही पिढ्यांच्या औषधांना हाच कालावधी लागू झाला. दरम्यान त्या औषधांचे कार्य आमूलाग्र बदलले होते.

हिस्टामिनचा मार्ग

हिस्टामिनमुळे जठरात आम्ल स्रवते, हे लवोव्ह येथील लेऑन पोपिएल्स्की यांनी १९१६ मध्येच पाहिले होते. परंतु १९४० च्या दशकात आलेली हिस्टामिनविरोधी औषधे सर्दी-शिंकांवर चालली, तरी आम्लस्रावावर त्यांचा काहीही परिणाम होत नव्हता. यावरून हिस्टामिन पेशींवरील एकाहून अधिक प्रकारच्या ग्राहींवर कार्य करीत असावे, असे अनुमान निघत होते. जेम्स ब्लॅक यांनी १९६४ मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीच्या वेल्विन गार्डन सिटी येथील प्रयोगशाळेत या अनुमानाचा पाठपुरावा सुरू केला. सुरुवातीची काही वर्षे हाती फारसे काही लागले नाही. अखेर १९७२ मध्ये ब्युरिमामाइड या संयुगाच्या साहाय्याने दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे एच-टू ग्राहीचे अस्तित्व सिद्ध झाले. ब्युरिमामाइड तोंडावाटे देण्यास पुरेसे समर्थ नव्हते. त्यानंतरच्या मेटियामाइडने काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्याच्या रेणूतील संशयित घटक बदलून तयार झालेले सिमेटिडिन नोव्हेंबर १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये 'टॅगामेट' या नावाने विक्रीस आले. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या शोधाचा उल्लेख स्वाभाविकच होता.

या औषधांनी काळाचे परिमाणच बदलले. तयार आम्ल मारण्याऐवजी ती आम्ल तयार होण्यालाच अटकाव करीत होती. त्यामुळे जठर रिकामे झाले तरी परिणाम संपत नव्हता. सिमेटिडिन आरंभी दिवसातून चार वेळा दिले जाई. ग्लॅक्सोचे रॅनिटिडिन १९८१ मध्ये आले, ते दिवसातून दोनदा पुरू लागले. फॅमोटिडिनच्या २० मिलिग्रॅमच्या मात्रेचा परिणाम १० ते १२ तास टिकतो. रात्रीचा आम्लस्राव मुख्यतः हिस्टामिनच्या प्रभावाखाली असल्याने झोपतानाची एक गोळी विशेष उपयोगी ठरली. सिप्पींच्या रुग्णाला दर तासाला उठविणारे घड्याळ या गोळीने बंद केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

१९९५ मध्ये फॅमोटिडिन, सिमेटिडिन आणि रॅनिटिडिन या तिन्ही औषधांना कमी मात्रेत अमेरिकेत चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. फॅमोटिडिनची १० मिलिग्रॅमची, तर रॅनिटिडिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी होती. वेष्टनावरील मर्यादा पुन्हा तीच : सलग दोन आठवडे.

अंगवळणी पडणारे औषध

येथे दुसरा प्रश्न पुढे येतो. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील रॉय पाउंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिमेटिडिन, निझॅटिडिन, फॅमोटिडिन व रॅनिटिडिन ही चारही औषधे नेहमीच्या मात्रेत २९ दिवस देऊन जठरातील आम्लतेचे मापन करण्यात आले. चारही औषधांची आम्ल दाबण्याची शक्ती या काळात घटल्याचे आढळले. शरीर औषधाला सरावते, औषध अंगवळणी पडते. औषध पूर्णतः निकामी होते, असा याचा अर्थ नाही. सराव अंशतःच होतो. म्हणूनच चार ते आठ आठवड्यांत व्रण भरण्याच्या कामी ही औषधे उपयोगी पडत राहिली होती आणि अनेक वर्षे कोणाच्या फारसे लक्षात आले नव्हते. परंतु रोज रात्री गोळी घेणाऱ्याला काही दिवसांनी 'पूर्वीसारखा गुण येत नाही' असे जे वाटते, ते निव्वळ मनाचे खेळ नसतात.

२००२ मधील क्लीव्हलँडच्या एका अभ्यासाने हे अधिक स्पष्ट केले. नव्या पिढीतील प्रोटॉन पंप अवरोधक दिवसातून दोनदा घेऊनही काहींच्या जठरात रात्री आम्ल उसळते. त्यावर उपाय म्हणून झोपताना एच-टू अवरोधक जोडण्याची पद्धत पडली होती. पहिल्या दिवशी तिचा चांगला परिणाम दिसला; आठवडाभरात आणि महिनाअखेर तो फारसा उरला नाही. यावरून या वर्गातील औषधांचे योग्य स्थान ठरते. जडपणाचे जेवण होणार असेल तेव्हा, अधूनमधून, गरजेपुरते घेतल्यास ती पहिल्या दिवसासारखीच काम करतात. रोजच्या रोज घेतल्यास पहिल्या एक-दोन आठवड्यांतच त्यांची धार बोथट होऊ लागते. वेष्टनावरील दोन आठवडे आणि सरावाचा हा काळ जवळपास जुळतात, हा योगायोग आहे. कारण ती मर्यादा या शोधाआधी सोळा वर्षे अस्तित्वात होती. मात्र या योगायोगामुळेच 'दोन आठवड्यांनी औषध संपते' असा समज बळावण्यास वाव मिळाला.

औषध थांबविल्यानंतर

तिसऱ्या प्रश्नाने तर वैद्यकाची दिशाच बदलली. सिमेटिडिनने व्रण भरत, पण औषध बंद केल्यावर वर्षभरात बहुसंख्य रुग्णांचे व्रण परत येत. यावर रोज रात्री अर्धी मात्रा वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचा उपाय निघाला. औषधकंपन्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था किती सोयीची होती, हे वेगळे सांगावयास नको. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी जठराच्या अस्तरातील एका वक्राकार जीवाणूचा या व्रणांशी संबंध जोडला. पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालेला हा जीवाणू १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः प्राशन केला आणि त्यांच्या जठराला दाह झाल्याचे तपासणीत दिसले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञ परिषदेने व्रण आणि हा जीवाणू असलेल्या रुग्णांना प्रतिजैविके द्यावीत, अशी शिफारस केली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कालमापनाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ मोठा आहे. प्रतिजैविकांचा एक-दोन आठवड्यांचा उपचार अनेकांना वर्षानुवर्षांच्या गोळीतून मुक्त करू शकला. आम्ल दाबून मिळणारा आराम औषध असेपर्यंतचा होता. कारण दूर करून मिळणारा आराम औषधानंतरही टिकला. आम्लशामक चिठ्ठीविना घेत राहणाऱ्या ज्या मनुष्याला असा व्रण असतो, त्याच्या बाबतीत १९७४ च्या सूचनेचे मोल येथे कळते.

पंपाचा शोध आणि उलट गणित

जठरपेशीतून आम्ल बाहेर टाकणाऱ्या अंतिम यंत्रणेस, म्हणजे प्रोटॉन पंपास, थेट लक्ष्य करणारे ओमेप्राझोल हे संयुग स्वीडनमधील अस्ट्रा कंपनीच्या हेस्ले प्रयोगशाळेत १९७९ मध्ये तयार झाले आणि १९८८ मध्ये युरोपात 'लोसेक' या नावाने बाजारात आले. लॅसिक्स या मूत्रल औषधाशी नावाचा गोंधळ होत असल्याने अमेरिकेत ते पुढे 'प्रायलोसेक' झाले.

या औषधाचे काळाचे गणित जुन्या औषधांच्या नेमके उलट आहे. ओमेप्राझोल रक्तात फार काळ राहत नाही. सुमारे तासाभरात त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. तरीही आम्लस्रावावरील त्याचा प्रभाव ७२ तासांपर्यंत जाणवतो. कारण ते पंपाला कायमचे जखडते आणि पेशीला नवे पंप तयार करावे लागतात. दुसरीकडे, ते फक्त चालू असलेल्या पंपांनाच पकडते. पहिल्या मात्रेच्या वेळी सर्व पंप चालू नसतात. म्हणून पूर्ण परिणाम यावयास एक ते चार दिवस लागतात आणि गोळी न्याहारीपूर्वी घ्यावी लागते. या औषधाला शरीर एच-टू अवरोधकांप्रमाणे सरावत नाही.

परंतु लोकांची सवय जुन्या औषधांनी घडविलेली आहे. जळजळ झाली की सोड्याचे फसफसणारे पेय घ्यावे आणि दहा मिनिटांत ढेकर यावा, ही अपेक्षा घेऊन मनुष्य जेवणानंतर ही गोळी घेतो, गुण आला नाही म्हणून औषध बदलतो किंवा मात्रा वाढवितो. तीन दिवस चालणाऱ्या औषधाकडून अर्ध्या तासाच्या औषधाचे काम मागितले जाते. औषधाच्या अपयशाच्या किती तक्रारी मुळात वेळ चुकल्याच्या असतील, याचा विचार व्हावयास हवा.

जून २००३ मध्ये ओमेप्राझोलला अमेरिकेत चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली, ती १४ दिवसांचा एक क्रम आणि चार महिन्यांतून एकदाच, या अटीवर. औषधाची शक्ती टिकूनही मुदत आखडती राहिली. या सावधगिरीला २००९ मध्ये डेन्मार्कमधून पुष्टी मिळाली. १२० निरोगी स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना एसोमेप्राझोल आठ आठवडे देऊन नंतर ते बनावट औषधाने बदलण्यात आले. उरलेल्यांना आरंभापासून बनावट औषधच होते. औषध बंद झाल्यानंतरच्या शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातील ४४ टक्के आणि दुसऱ्यातील १५ टक्के व्यक्तींनी आम्लाशी संबंधित तक्रारी नोंदविल्या. ज्यांना मुळात आजारच नव्हता, त्यांना औषधाच्या उसळीने तो दिला. असा अनुभव येताच मनुष्य पुन्हा गोळीकडे वळतो आणि 'हिच्याशिवाय चालत नाही' अशी त्याची खात्री पटते.

भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या केवळ निर्मितीप्रक्रियेलाच पेटंट मिळत असे आणि २००५ पर्यंत हीच स्थिती होती. त्यामुळे रॅनिटिडिन, ओमेप्राझोल यांच्या देशी आवृत्त्या स्वस्तात व मुबलक उपलब्ध झाल्या. पँटोप्राझोलच्या पाकिटावर ते नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवरच विकावे, अशी सूचना असते; दुकानात ते सहसा नावाने मागितले की मिळते. वेदनाशामकांच्या जोडीला 'पोटाला त्रास नको' म्हणून दिलेली गोळी मूळ औषध बंद झाल्यावरही चालू राहते, हे कोणत्याही घरातील औषधांचा डबा उघडल्यास दिसेल. अमेरिकी जठररोग संघटनेने २०२२ मध्ये प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत ही गोळी चालू ठेवण्याचे कारण वेळोवेळी तपासावे, असे सुचविले. त्याच मार्गदर्शनात तीव्र अन्ननलिकादाह, बॅरेट अन्ननलिका किंवा रक्तस्रावी व्रणाचा धोका असलेल्यांची गोळी थांबवू नये, असेही बजावले आहे. म्हणून 'दीर्घकाळ घेणे वाईटच' असा सरसकट निष्कर्षही तितकाच चुकीचा ठरेल.

बाटलीतील काळ

या इतिहासात २०१९ मध्ये कालमापनाचा आणखी एक, अनपेक्षित प्रकार पुढे आला. रॅनिटिडिनच्या नमुन्यांत एन-नायट्रोसोडायमिथिलअमाइन ही कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेली अशुद्धी सापडली. साठवणीचा काळ आणि तापमान वाढेल, तसतसे तिचे प्रमाण गोळीतच वाढत जाते, असे अमेरिकी प्रशासनाच्या चाचण्यांत दिसून आले आणि १ एप्रिल २०२० रोजी सर्व रॅनिटिडिन बाजारातून काढून घेण्यास उत्पादकांना सांगण्यात आले. औषध शरीरात किती वेळ टिकते, हे चाळीस वर्षे मोजले गेले होते. ते कपाटात कसे टिकते, हे कोणी तितक्या बारकाईने पाहिले नव्हते. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीतून सप्टेंबर २०२२ मध्ये रॅनिटिडिन वगळण्यात आले. अमेरिकेत त्याचे 'झँटॅक' हे प्रसिद्ध व्यापारी नाव २०२१ मध्ये पुन्हा दुकानांत झळकले. मात्र वेष्टनाच्या आत आता फॅमोटिडिन होते.